राणीची चोळी

माझ्या नवऱ्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते लुगड्यात.

कपाळभर कुंकू, नाकात नथ, पायात घुंगरं, आणि कंबर अशी की बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. माझ्या माहेरच्या मंडईला दिघोरीची दंडार आली होती. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की एकेका गावाची मंडई भरते. घरोघर पाहुणे, चौकात दुकानं, आणि दिवसाउजेडी दंडारीचा नाच. दंडारीत बाईचं काम पुरुषच करतो, आणि त्या वर्षी राणी झाला होता सेवकराम. माझ्या बाबांना त्याचा नाच आवडला, त्याच्या बापाचं धानाचं वावर आवडलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन दिघोरीला आले. अंतरपाट दूर झाला तेव्हा समोर मिशीवाला बाप्या उभा! मी पाहिली होती ती राणी कुठं गेली, असं क्षणभर वाटलंच मला.

तोंडावर मी त्यांना 'अजी' म्हणते. मनात मात्र नावानंच बोलते, आणि ही गोष्ट मी मनातून सांगते आहे, तेव्हा चालवून घ्या.

सेवकरामची बैठी फेरी पाहायला दूरदूरच्या गावांहून माणसं येत. राणी चवड्यांवर बसते, बसल्या बसल्या गिरक्या घेत अख्ख्या चौकाला वळसा घालते, आणि ढोलकीची थाप पडली की हात न टेकता सरळ उभी राहते. पुन्हा खाली, पुन्हा वर. त्या मंडईनंतर मी घरच्या गोठ्यामागं ती फेरी करून पाहिली होती. जमायलाही लागली होती. तेवढ्यात आईनं पाहिलं आणि हातातला खराटा माझ्या पाठीत घातला. "पोरीच्या जातीनं दंडार नाचावं काय?" लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी हे सेवकरामला हसत हसत सांगितलं. तो म्हणाला, "मंग करून दाखव." सासूबाई ओसरीवर धान पाखडत बसल्या होत्या. मी काय करून दाखवणार कपाळ! विषय तिथंच मिटला, असं मला वाटलं.

पुढं संसार आला. घरी ट्रॅक्टर आला, बैल गेले. मुलगा अमर हाताशी आला, त्यानं मोटरसायकल घेतली. आमचं वावर घरातून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, पण सेवकराम तिथंही मोटरसायकलवरच जायला लागला. रोवणीला मजूर, कापणीला मशीन, आणि आमचे मालक झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले. गावची दंडारही बंद पडली होती. जिथं राणीची कंबर होती तिथं धानाची कोठी उभी राहिली. माझंही काही वेगळं नव्हतं म्हणा. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा सून खुशबूनं प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं, आणि मी भाजी निवडायलाही खाली बसणं सोडलं. चुकून जमिनीवर बसलेच, तर उठायला भिंत लागायची, नाही तर सून.

अशात यंदाच्या पोळ्याला कृष्णरावांनी बॉम्ब टाकला. कृष्णराव म्हणजे आमच्या दंडारीचे जुने ढोलकीवाले. बैलांची पूजा आटोपून माणसं पारावर बसली होती, तेव्हा ते म्हणाले, "यंदाच्या मंडईले आपली दंडार उभी कराची. जुनेच गडी. राणी सेवकराम."

माणसं अशी हसली की तोरणाखालचे बैल बिचकले. "राणी का राणीचा हत्ती?" असं कोणीतरी म्हणालंही. मग केशवराव पुढं सरकला. हा सेवकरामचा लहानपणापासूनचा स्पर्धक. "मी होतो राणी. मी आजही बारीक आहो," म्हणाला. बारीक खराच, पण त्याचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. पूर्वी दरवेळी चुकायचा आणि दरवेळी ढोलकीवर ढकलायचा. कृष्णराव त्याला ओळखून होते. ते म्हणाले, "सेवकराम बैठी फेरी करंन त तोच. नाही जमली त केशव."

त्या दिवशी सेवकराम पुरणपोळीला हात न लावता घरी ट्रंक उपसत बसला. त्याला राणीची हिरवी चोळी हवी होती. लग्नानंतर मीच ती त्याच्या मापाची शिवली होती, समोरून हुकांची. सापडली. एक हात गेला. दुसरा कोपराच्या वर जाईना. समोरच्या हुकांची तर भेटच नाही. एका बाहीत हात घालून तो खाटेवर बसून राहिला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. मला हसू आलं होतं, ते मी गिळलं. मग फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात खुशबूनं आम्हाला दोघांना साकोलीच्या दवाखान्यात नेलं. सेवकरामला सारखी तहान लागत होती आणि तळपायाला मुंग्या येत होत्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की साखर आहे, आणि चांगलीच आहे. ह्या माणसानं काय विचारावं? औषध किती, धोका काय, काही नाही. म्हणाला, "मॅडम, मंडईले नाचता येईन का?"

त्यांनी पेन खाली ठेवला. "काय नाचायचंय काका? दाखवा बरं."

सेवकराम तिथंच दवाखान्यात चवड्यांवर बसायला गेला. अर्धा बसला आणि अडकला. वर येईना, खाली जाईना. मी आणि खुशबूनं दोन्ही काखांत हात घालून त्याला उभं केलं. बाहेरचा कंपाउंडर हसला, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. भात कमी करा, रोज चाला, उठणं-बसणं हळूहळू वाढवा, आधी उंच जागेवरून मग खाली. अनवाणी पाऊल टाकायचं नाही, पायाला लागलेलं तुम्हाला कळणार नाही, रोज तळवे पाहत जा. "मंडईच्या आधी पुन्हा या. साखर आटोक्यात आली, दम टिकला, तर खुशाल नाचा. नाही तर बसून टाळ वाजवा."

टाळ! राणीला टाळ! सेवकरामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मी टेबलाचा आधार घेऊन उठत होते ते बाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "काकू, तुम्हीही बसा जरा." माझा दाब तपासला, तर तो वाढलेला. गुडघे दाबून पाहिले. "तुम्हालाही चालायला हवं. तुमचं वय काही फार नाही."

"मले काय धाड भरली?" मी म्हटलं. "यांचं पाहा तुमी."

बसमध्ये सेवकराम खिडकीबाहेर पाहत बसला. एकदोनदा माझ्या गुडघ्यांकडं मात्र पाहिलं. मला वाटलं, टाळाचं दुःख असेल.

घरी आल्याबरोबर मी भात बंद केला. मी शब्दाची पक्की बाई आहे. कमी म्हणजे कमी कशाला, बंदच. खुशबू दुसऱ्याच दिवशी माहेरी गेली, म्हणून सगळा कारभार माझ्या हाती होता. सकाळी पोहे. मग थोड्या वेळानं गरम पेज. दुपारी तांदळाच्या पिठाचे घावन आणि वरण. चार वाजता मुरमुऱ्यांचा चिवडा, रात्री पुन्हा घावन. सेवकराम शेजाऱ्यापाजाऱ्यांना अभिमानानं सांगायचा, "भाताचं शीत पोटात नाही, पाहा!" आणि मी मागून मान हलवायची.

खुशबू परत आली तेव्हा आम्ही चोळी घालून पाहत होतो. आता तर पहिलाही हात जाईना. ती स्वयंपाकघरात गेली, डबे उघडून पाहिले आणि तिथंच कपाळाला हात लावून बसली.

"आई, हे पोहे कायचे?"

"कायचे म्हणजे?"

"मुरमुरे कायचे? घावन कायचे? पेज कायची?"

एकेक नाव घेत तिनं शेवटी बोट दाखवलं ते आमच्या धानाच्या कोठीकडं. मी पाहतच राहिले. सगळं तिथूनच तर आलं होतं! आता तुम्ही हसाल. पण आमच्या झाडीत जन्म काढलेल्या माणसाच्या हे ध्यानात तरी येणार कसं? भात म्हणजे ताटात वाढलेला, वाफ निघणारा. मुरमुऱ्यांनी पोट भरतं, असं कोणी म्हटलंय का कधी? मी आधी डॉक्टरीणबाईंवर चिडले, त्यांनी नीट उलगडून सांगायला नको? मग खुशबूवर चिडले, माहेरी एवढं राहतं का कोणी? सेवकराम कोठीकडं असा पाहत होता, जणू सख्ख्या भावानं दगा दिला.

त्या दिवसापासून स्वयंपाकाचा लगाम सुनेच्या हाती गेला. तिनं भात परत आणला, पण वाटीभर. ताटात आधी भाजी, आंबाडी, चवळीच्या शेंगा, काकडी, दाट वरण, नाही तर तलावातले झिंगे. ज्वारीची एक भाकर. ते सगळं खाऊन झालं की शेवटी वाटीभर भात. पहिले काही दिवस सेवकराम कुरकुरला, "जनावरावाणी पालाच खाऊन राहिलो मी." पण ती वाटी पुढं आली की त्याचं तोंड खुलायचं. थोडासा भात, वरून वरणाची धार, आणि तो एकेक घास असा चावायचा की पाहणाऱ्याला भूक लागावी. इतकी वर्षं ढिगानं भात खाल्ला, पण चव त्यानं आता घेतली.

चालण्याचं मात्र घोडं अडलं. पहाटे मी त्याला उठवलं तर म्हणाला, "तू नाही येत त मी नाही जात."

"मी कायले? साखर तुमाले आहे."

"एकटा गेलो त पारावर बसून राहीन. मंग नको म्हणू."

तो बसलाच असता, मला खात्री होती. गेले मग मागून, पहारेकऱ्यासारखी. गावच्या तलावाच्या पाळीवरून आम्ही चालायला लागलो. पहिल्या दिवशी अर्ध्या पाळीवरच दोघांनाही धाप लागली, आणि दोघंही 'हवा पाहायला' थांबलो. डाव्या हाताला तलाव, त्यात शिंगाड्याचे वेल पसरलेले. उजव्या हाताला खाली बांध्याच बांध्या, धान पोटरीत आलेलं. इतकी वर्षं इथं राहून मी ही पाळ अशी पाहिली नव्हती. बाई कामाशिवाय कुठं चालते? डोक्यावर काहीतरी असतं, नाही तर काखेत. रिकाम्या हातांनी चालायचं म्हणजे सुरुवातीला मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

सेवकरामनं साकोलीहून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. त्याचे, आणि माझेही.

"मले कायले?"

"दोन घेतले त दुकानदार कमी करते," म्हणाला. साफ खोटं. मी दुसऱ्याच आठवड्यात त्या दुकानात विचारून आले. पण बूट चांगले होते.

पाळीच्या टोकाला एक उंच दगड आहे. त्याच्यावरून उठणं-बसणं सुरू झालं. तिथंही तेच. "तू नाही बसत त मी नाही बसत." आता ह्या माणसाला काय करावं! मी डोक्याला हात लावला आणि दगडावर बसले. मग दगड सोडून खाली. आधी एकमेकांचे हात धरून, फुगडी घालतात तसं. मी मोठ्यानं म्हणायची, "उठा!" आणि दोघंही दात-ओठ खाऊन उठायचो. तलावात डोंग्यातून मासे धरणारा ढिवर एकदा ओरडला, "काकाजी, भांडण होय का खेळ होय?"

"संसार होय!" सेवकराम ओरडला. मला इतकं हसू आलं की मी तिथंच मागं पडले, आणि मग त्यालाही उठता येईना.

हळूहळू हात सुटले. चोळीत एक हात गेला, मग दुसरा. खालचा हुक लागला त्या दिवशी त्यानं अमरला बोलावून दाखवला. अमर म्हणाला, "बाबा, मले लाज वाटून राहिली," पण तोही हसत होता. सेवकरामची झोप सुधारली. उगीच खेकसणं कमी झालं. वावरात मोटरसायकलवर जाणं बंद झालं. बांधांवरून चालत जायचा आणि अमरच्या आधी पोचायचा. आणि मी? माझं काय पाहायचं! मी त्याच्यासाठी जात होते.

दिवाळी झाली. मंडया सुरू झाल्या, आणि नको तेच झालं. डॉक्टरीणबाईंकडं जायला दोन दिवस उरले असताना माझी बहीण बेबीबाईच्या गावची मंडई आली. मंडईचा पाहुणा म्हणजे घरचा देव. तो 'नको' म्हणाला तर घरधनीण महिनाभर बोलत नाही. बेबीबाईनं वडे तळले होते, खीर केली होती, आणि भाताचं तर पातेलंच पुढ्यात ठेवलं. मी डोळे वटारत होते, पण पालथ्या घड्यावर पाणी. "भाऊजी, माह्या हातचं नाही खात?" एवढं ती म्हणाली आणि भाऊजी विरघळले. वडा, वड्यावर वडा, खीर. पातेल्याचा तळ दिसायला लागला तेव्हा मी उठून अंगणात गेले. राग आवरेना. इतके दिवस पाळीवर घाम गाळला, आणि एका पंगतीत ह्या माणसानं सगळा वाहवून टाकला! आता केशवराव राणी आणि हा कोपऱ्यात टाळ घेऊन. मला रडू फुटलं. खरं सांगते, त्याच्या साखरेपेक्षा त्या टाळानं मला जास्त रडवलं.

तो मागून आला. माझं तोंड पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"चाल," म्हणाला. "बसनं नाही जाऊ. पायी जाऊ."

"पायी? दिघोरी काय इथं आहे?"

"जितकं खाल्लं तितकं चालतो. चाल."

आणि आम्ही निघालो. ऊन उतरायला लागलं होतं. रस्ता सोडून बांधांवरून, कालव्याच्या काठानं. दोन्ही बाजूंना धान पिकून लवलेलं, आणि त्याचा तो वास, नवा तांदूळ रांधताना येतो तसा, कोवळा. कोसभर मी फणकाऱ्यानं पुढं पुढं चालले. मग तो खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर पदरासारखा घेऊन राणीच्या चालीनं माझ्यापुढं चालायला लागला, मुरकत, मान वेळावत. एका वावरात बाया कापणी करत होत्या. त्यांनी विळे टाकून टाळ्या पिटल्या. एकजण ओरडली, "मावशी, पोरगी कोण्या गावची आणली वो?"

"दिघोरीची!" मी ओरडले. "लय खाते, म्हणून माघारी नेऊन राहिली!"

राग कुठं पळाला कळलंच नाही. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. खुशबूनं पाणी आणून दिलं आणि माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहत राहिली. मी पायरीवर बसून बूट काढत होते, आणि मग भिंतीला हात न लावता उठले होते. ते तिनं पाहिलं. मी नाही.

साकोलीला रक्ताचा कागद हातात घेऊन डॉक्टरीणबाई बराच वेळ पाहत होत्या. सेवकराम खुर्चीच्या काठावर. त्यांनी विचारलं, "काका, मध्ये काही गडबड केली का?"

"साळीच्या घरी," तो पुटपुटला.

"ती दिसतेच आहे. पण बाकीच्या दिवसांची मेहनतही दिसते आहे. साखर आटोक्यात आली." मग त्यांनी त्याला बसायला सांगितलं. तो चवड्यांवर बसला आणि उठला. पुन्हा बसला आणि उठला. कंपाउंडर दारातून पाहत होता, आता हसत नव्हता. "नाचा," बाई म्हणाल्या. "गोळ्या चालू ठेवायच्या, खाणं असंच ठेवायचं. आणि बूट घालूनच नाचायचं, सांगून ठेवते." माझाही दाब त्यांनी पाहिला, मान डोलावली. मी लक्ष दिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं हिरवी चोळी नाचत होती.

कृष्णराव बुटांवरून भडकले. "राणीच्या पायात बूट? लोक काय म्हणतीन?" सेवकराम म्हणाला, "म्हणू दे. राणी शहरातून शिकून आली." केशवराव आठवडाभर लुगडं नेसून तालीम करत होता, त्याला शेवटी राजाचं काम दिलं. त्याला ते शोभलंही, कारण राजाला फक्त मिशीवर ताव द्यायचा असतो.

मंडईच्या दिवशी आमचं घर पाहुण्यांनी भरलं होतं. बेबीबाईही आली होती. आतल्या खोलीत मी सेवकरामला नेसवत होते. मिशी सकाळीच उतरली होती. चोळी घातली, सगळे हुक लागले, आणि तरी दोन्ही बाजूंनी कापड लोंबत राहिलं. सैल! आम्ही दोघं एकमेकांकडं पाहत राहिलो. मी सुई-दोरा आणला आणि अंगावरच दोन्ही बाजूंना टाके घातले. तो श्वास रोखून उभा होता. दोरा दातांनी तोडताना माझा गाल त्याच्या बरगडीला लागला. किती वर्षांनी लागली मला ती बरगडी! मी म्हटलं, "हलू नका, सुई टोचंन," आणि डोळे पुसले.

चौकात गर्दी मावत नव्हती. ढोलकी घुमली, टाळ झणझणले, आणि राणी आली. लुगड्याखाली पांढरे बूट पाहून आधी हशा झाला. मग तिनं एक गिरकी घेतली आणि हशा बंद झाला. माझी ती राणी, माहेरच्या चौकातली, परत आली होती. थोडी रुंद, थोडी पिकलेली. मी बायकांच्या घोळक्यात अगदी पुढं उभी होते आणि माझं काळीज ढोलकीच्या आधी वाजत होतं.

बैठी फेरी सुरू झाली. राणी खाली बसली, फिरली, थाप पडली, उठली. चौक ओरडला. पुन्हा बसली, उठली. वळसा पुरा करत ती आम्हा बायकांपुढं आली, शेवटचं खाली बसली. थाप पडली.

राणी उठली नाही.

कृष्णरावांनी पुन्हा थाप दिली. नाही उठली. केशवरावाची मिशीवरची बोटं थांबली. दम लागला? पाय गेला? चक्कर आली? रोज सकाळची सवय आपोआप ओठांवर आली. मी ओरडले, "उठा!"

त्यानं मान वर केली. थेट माझ्याकडं पाहिलं, नथ सावरली, आणि अख्ख्या गावादेखत, पाहुण्यांदेखत, राणीच्या बारीक आवाजात म्हणाला,

"तू नाही बसत त मी नाही उठत!"

चौकात हास्याचा लोट उठला. बेबीबाईनं मागून मला ढकललं. ढोलकी थांबतच नव्हती, हळू आवाजात वाजत राहिली, वाट पाहत. मला आईचा खराटा आठवला. मग मी पदर खोचला आणि चौकात गेले. माझ्याही पायात पांढरे बूट होते, सकाळच्या घाईत तेच घातले होते. मी त्याच्यासमोर चवड्यांवर बसले. थाप पडली आणि आम्ही दोघं उठलो. हात न टेकता. सरळ.

"फेरी," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

आणि मी फेरी केली. गोठ्यामागची, अर्धवट राहिलेली. बसून फिरले, उठले, पुन्हा बसले. गाव गरगर फिरत होतं, पोरी शिट्ट्या वाजवत होत्या, खुशबू अमरच्या खांद्याला धरून उड्या मारत होती. माझे गुडघे कुठं होते? मला त्यांची आठवणही झाली नाही. मी हसत होते, आणि बहुतेक रडतही होते. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

नंतर कृष्णराव पाणी प्यायला आमच्या ओसरीवर आले. घाम पुसत म्हणाले, "वयनी, यानं पहिल्यांदा साकोलीवरून आला त्याच दिवशी मले सांगून ठेवलं होतं. राणी खाली बसून राहिली त ढोलकी थांबवू नको, कितीही टाइम लागो."

मी आत गेले. सेवकराम आरशापुढं नथ काढत बसला होता. त्याला काही झालेलं नव्हतं. दम नाही, चक्कर नाही, काही नाही.

"मले लोकाईपुढं नाचवलं!" मी कडाडले. "लाज नाही वाटत? इतके दिवस मले फसवून राहिले! चालाले चाल, बसाले बस, बूट घे..."

तो आरशातूनच म्हणाला, "करून दाखव म्हटलं होतं मी. तवा तू नाही दाखवलं."

ओसरीवर धान पाखडणाऱ्या सासूबाई, मी नवी नवरी, आणि हा माणूस. विषय मिटला असं मला वाटलं होतं. त्यानं तो मिटवलाच नव्हता.

खुशबू दोन वाट्या भात घेऊन आली, वरून वरणाची धार. आम्ही दोघं जमिनीवर समोरासमोर बसून जेवलो. जेवून झाल्यावर मी त्याच्या चोळीचे टाके उसवायला घेतले. तो म्हणाला, "राहू दे, पुढच्या वर्षी कामी येईन."

"नाही येत," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी चोळी माह्या मापाची शिवीन."